शरीरातलं तारखातं

हातापायांना येणाऱ्या मुंग्या, रात्री होणारी तळपायांची आग, ‘नस चढली’ म्हणून चोळलेलं तेल... घरोघरच्या या तक्रारींमागे कोण असतं, त्याची ही ओळख.

तव्यावरची पोळी उलटताना बोट तव्याला लागतं. आपण ‘आई गं!’ म्हणतो आणि हात झटकतो. आता नीट आठवून पाहा बरं, यातलं आधी काय होतं? ‘आई गं’ आधी तोंडातून निघतं, की हात आधी मागे येतो? हातच आधी मागे येतो. ‘भाजलं!’ हे आपल्याला कळतं ते त्यानंतर. आणि खरी जळजळ तर आणखी मागाहून, सावकाश सुरू होते.

म्हणजे आपल्याला न विचारताच कुणीतरी परस्पर निर्णय घेतला, हात मागे ओढला आणि मग आपल्याला कळवलं! हे ‘कुणीतरी’ म्हणजे आपली मज्जासंस्था.

आपल्या देशातली तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दारात तारवाला उभा राहिला की छातीत कसं धस्स व्हायचं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना निराळं सांगायला नको. शरीरातलं तारखातं मात्र आपण आईच्या पोटात असल्यापासून सुरू होतं, ते अखेरच्या श्वासापर्यंत. त्याला ना दिवाळीची सुटी, ना रविवारची. हे खातं नीट चालू असतं तेव्हा त्याची आठवणही होत नाही. बिघडलं की मात्र ‘अशक्तपणा असेल’, ‘वयच झालंय आता’, ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ असं म्हणून आपण ते अंगावर काढतो. म्हणूनच त्याची थोडी माहिती प्रत्येकीला हवी.

मेथीच्या रोपासारखी पेशी

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे आपण शाळेत शिकलो. त्यांतल्या निरोप वाहून नेणाऱ्या पेशीला इंग्रजीत न्यूरॉन म्हणतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला ‘चेतापेशी’ म्हटलेलं असतं. ती दिसते कशी? मेथीची जुडी निवडताना एखादं रोप मुळासकट हाती येतं ना, ते डोळ्यांसमोर आणा. वर फुटलेल्या फांद्या, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला फुटलेली बारीक मुळं. चेतापेशीचाही घाट साधारण असाच.

वरच्या फांद्यांना वृक्षिका म्हणतात. त्यांचं काम शेजारच्या पेशींकडून निरोप घेण्याचं. फांद्या जिथे एकत्र येतात ते पेशीचं मुख्य शरीर. आलेल्या निरोपांची तिथे बेरीज-वजाबाकी होते. पुढच्या लांब दांड्याला अक्षतंतू म्हणतात. निरोप पुढे पाठवायचं ठरलं, की तो या दांड्यावरून धावत जातो आणि टोकाच्या मुळांशी पोहोचून पुढच्या पेशीच्या हवाली होतो.

हा दांडा किती लांब असावा? पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचं शरीर कमरेच्या मणक्यांच्या आत, मज्जारज्जूत असतं. तिथून निघालेला अक्षतंतू थेट पावलापर्यंत जातो. म्हणजे एकाच पेशीची लांबी झाली जवळजवळ एक मीटर! आणि तिचं मुख्य शरीर मात्र एक दशांश मिलिमीटरहूनही लहान. ते मेथीच्या दाण्याएवढं मोठं केलं, तर तिचा दांडा पन्नासएक मीटर लांब होईल. एवढ्या लांब पेशीला पोसायचं म्हणजे सोपं काम नाही. मधुमेहासारख्या आजारात पहिली तक्रार पायांच्या बोटांपासून का सुरू होते, याचं एक कारण इथेच आहे. जितका तंतू लांब, तितका तो आधी थकतो.

असे शेकडो-हजारो तंतू शिवणाच्या दोऱ्याच्या लडीसारखे एकत्र बांधले, की झाला मज्जातंतूंचा जुडगा. इथे एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्या बोलण्यात ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द कशालाही लावतात. हाताच्या पाठीवर दिसणाऱ्या निळ्या रेषा रक्तवाहिन्यांच्या. त्यांतून रक्त वाहतं. मज्जातंतू बाहेरून असे दिसत नाहीत आणि त्यांतून वाहतात ते निरोप. पोटरीत गोळा आला की आपण ‘नस चढली’ म्हणतो, तेव्हा बहुधा आखडलेला असतो तो स्नायू!

मीठ, केळं आणि लवंगी फटाक्यांची माळ

निरोप धावतो म्हणजे नक्की काय धावतं? वीजच. पण भिंतीतल्या तारेतून वाहते तशी नव्हे. ही वीज तयार होते मिठापासून.

मिठात सोडियम असतं. केळी, बटाटा, शहाळ्याचं पाणी यांत पोटॅशियम भरपूर असतं. चेतापेशी आपल्या आतलं सोडियम सतत बाहेर काढत असते आणि पोटॅशियम आत ओढत असते. दारातलं पाणी बाहेर लोटणाऱ्या गृहिणीसारखी ती अखंड राबत असते. त्यामुळे पेशीच्या आत आणि बाहेर विजेचा थोडा फरक राहतो. किती? एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यांतले साधारण सत्तर. निरोप आला, की पेशीच्या भिंतीतली इवली दारं क्षणभर उघडतात, बाहेरचं सोडियम धाडकन आत शिरतं आणि तिथला विजेचा फरक उलटतो. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळ पेटवल्यावर एकाने दुसऱ्याला पेटवत जावं, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की ही माळ उडून संपत नाही. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ती पुन्हा उडायला तयार!

फटाका एक तर उडतो, नाही तर उडत नाही. अर्धा उडत नाही. चेतापेशीचंही तसंच. मग थोडं लागलेलं आणि खूप लागलेलं मेंदूला कसं कळतं? एकामागून एक किती निरोप येतात आणि किती पेशींकडून येतात, यावरून. दारावर एक टकटक झाली तर आपण सावकाश उठतो. सगळं दारच कुणी बडवू लागलं तर धावत जातो, तसंच हे.

या मिठाच्या कारभारामुळेच घरातल्या वयस्कर माणसांची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजी-आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले, सारखी गुंगी येऊ लागली आणि डॉक्टरांनी ‘सोडियम कमी झालंय’ म्हणून दवाखान्यात ठेवलं, असं आपण ऐकतो. रक्तातलं सोडियम फार उतरलं की मेंदूच्या पेशींचं काम बिघडतं. पण म्हणून घरच्या घरी मीठ वाढवून द्यायचं नाही बरं का! सोडियम उतरण्याची कारणं अनेक असतात, त्यांत काही औषधंही असतात. ते डॉक्टरांनीच शोधावं.

दोन वेगाची टपाल

काही अक्षतंतूंवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं असतं तसं. ते सलग नसतं, मध्ये मध्ये बारीक फटी असतात. निरोप एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो, म्हणून अतिशय वेगाने पोहोचतो. सर्वांत जलद तंतूंत हा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर! ज्यांच्यावर वेष्टण नाही असे बारीक तंतू मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात. म्हणजे भाजी आणायला निघालेल्या बाईच्या चालीने!

वेदना या दोन्ही वाटांनी येते. टोचल्यासारखा पहिला चटका पातळ वेष्टणाच्या, बऱ्यापैकी जलद तंतूंतून येतो. मागाहून येणारी, रेंगाळणारी जळजळ बिनवेष्टणाच्या तंतूंतून. तव्याचा चटका आधी आणि आग मागाहून, याचं कोडं असं सुटतं.

आणि लेकरू पडलं की आई त्याचा गुडघा चोळते, फुंकर घालते, त्यात नुसती मायाच असते असं नाही. स्पर्शाचे निरोप आणणारे तंतू जाड वेष्टणाचे. ते मज्जारज्जूशी पोहोचले, की वेदनेच्या निरोपांची वाट थोडी अडवतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. तिच्या तपशिलात पुढे सुधारणा झाल्या, पण चोळल्याने दुखणं कमी वाटतं यामागे शास्त्र आहे, हे पक्कं झालं. आयांना ते आधीच ठाऊक होतं, एवढंच!

मायलिनचं वेष्टण जन्मतःच पूर्ण नसतं. ते हळूहळू चढत जातं. बाळ आधी मान धरतं, मग बसतं, मग उभं राहतं, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. मेंदूच्या काही भागांत तर हे काम ऐन विशीपर्यंत चालू असतं. ‘शेजारच्यांचं अकराव्या महिन्यात चालायला लागलं, आमचं अजून नाही’ म्हणून जीव टांगणीला लावण्याआधी हे आठवावं. हां, दीड वर्ष झालं तरी मूल चालत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

हे सगळं कळलं कसं, याची हकीकत मोठी गमतीची आहे. कामिलो गोल्जी नावाचे इटालियन डॉक्टर एका लहान गावातल्या रुग्णालयात नोकरीला होते. तिथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातच संशोधनाचं बस्तान मांडलं. मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नुसता गिचमीड गुंता दिसतो. गोल्जींनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराची अशी एक युक्ती शोधली, की हजारो पेशींतल्या मोजक्याच काळ्याभोर रंगत आणि फांद्यांसकट उठून दिसत.

स्पेनच्या सान्तियागो रामोन ई काहालना लहानपणी चित्रकार व्हायचं होतं. वडील डॉक्टर; त्यांनी मुलाला वैद्यकीकडे वळवलं. पण हातातली चित्रकला गेली नाही. गोल्जींच्या रीतीने रंगवलेल्या पेशींची त्यांनी शेकडो चित्रं काढली आणि १८८८ पासून एक नवीच गोष्ट पुढे आणली. मज्जासंस्था म्हणजे एकसंध जाळं नाही, ती सुट्या सुट्या पेशींची बनलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. गोल्जींना हे मुळीच मान्य नव्हतं. १९०६ चं नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिलं गेलं, तर त्या समारंभातल्या भाषणातही गोल्जींनी काहालच्या मताचं खंडनच केलं! पुढे खरे ठरले ते काहाल.

आणखी एक नाव आपण बायकांनी तर विसरूच नये, ते म्हणजे रीता लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीत १९३८ साली ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले आणि या तरुण डॉक्टरणीला विद्यापीठाची दारं बंद झाली. तिने आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली, कोंबडीची अंडी मिळवली आणि त्यांतल्या गर्भांच्या चेतापेशी कशा वाढतात ते पाहत राहिली. बाहेर युद्ध, वर बाँबहल्ले, आणि ही सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेली! पुढे अमेरिकेत चेतापेशींना वाढवणारा पदार्थ तिच्या संशोधनातून हाती आला. त्याबद्दल १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर तिला नोबेल मिळालं. २०१२ साली १०३ वर्षांची होऊन ती गेली.

दोन पेशींमधली फट

पेशी सुट्या, तर निरोप एकीकडून दुसरीकडे जातो कसा? त्यांच्यामध्ये केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी बारीक अशी फट असते. बहुतेक ठिकाणी वीज तिथे थांबते आणि काम रसायनाकडे जातं. नदीवर पूल नसला की टपालाची पिशवी होडीतून न्यावी, तसं पहिल्या पेशीच्या टोकातून रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या पेशीवर जाऊन बसतं.

याचा शोध लागला तोही स्वप्नात! ऑस्ट्रियातल्या ओटो लोवी यांना एका रात्री प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत त्यांनी ती चिठ्ठीवर खरडली, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी मात्र ते उठले आणि तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंद केली, त्याच्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतूने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी पुढे १९३६ मध्ये त्यांना नोबेलचा वाटा मिळाला.

आपल्या रोजच्या आयुष्याशी या फटीचा फार जवळचा संबंध आहे. चहा-कॉफीने तरतरी येते, कारण त्यातलं कॅफिन झोपेचा निरोप देणाऱ्या रसायनाची जागा अडवून बसतं. निराशेच्या, चिंतेच्या विकारांवरची बरीच औषधंही या फटींतल्या रसायनांवरच काम करतात. म्हणून ‘मनाला काय गोळी लागते? जरा मन घट्ट कर’ असं कुणाला म्हणू नये.

मुख्य कचेरी आणि तिच्या शाखा

या खात्याची मुख्य कचेरी मेंदू. वजन सव्वा ते दीड किलो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी तब्बल २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्यात पेशी किती? पुष्कळ वर्षं पुस्तकांतून ‘दहा हजार कोटी’ असं ठोकून दिलेलं असायचं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल या शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूचं चक्क सारासारखं पातळ करून त्यातली पेशींची केंद्रकं मोजली. २००९ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी!

पाठीच्या कण्यातून गेलेला मज्जारज्जू ही मोठी शाखा. तातडीचे निर्णय ती वरिष्ठांना न विचारता घेते. तव्यावरचा हात मागे ओढला तो तिने. आणि हृदयाचे ठोके, अन्नाचं पचन, घाम, रक्ताचा दाब हे सांभाळणारा विभाग निराळा. तो आपलं अजिबात ऐकत नाही. परीक्षेच्या दिवशी मुलाच्या पोटात गोळा येतो, तो याच विभागाचा प्रताप.

मुंग्या कधी सोडून द्याव्या, कधी नाही?

आता घरच्या गोष्टीकडे वळू. पंगतीत मांडी घालून बराच वेळ बसलं, की पायाला मुंग्या येतात. मज्जातंतूवर दाब पडतो, निरोपांत घोळ होतो. उठून पाय हलवला की दोन-चार मिनिटांत सगळं जागेवर येतं. कोपर कशाला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्याचंही तेच. कोपराशी तो मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. याची काळजी करू नये.

पण रात्री झोपेतून जाग येईल इतक्या मुंग्या हाताला येत असतील, त्याही अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला, आणि हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातला मज्जातंतू दबत असण्याची शक्यता असते. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. गरोदरपण, थायरॉइडचा विकार, मधुमेह, आणि मनगट वाकवून सतत करायची कामं यांत तो बळावतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून पुष्कळांना आराम पडतो. दुर्लक्ष केलं तर अंगठ्याजवळचा स्नायू झिजतो आणि हातातून कपबशी सुटू लागते.

दोन्ही पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा, जिभेची आग – यामागे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मायलिनचं वेष्टण धड राहायला बी-१२ लागतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. भाजी, धान्य, डाळींत नसतं. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळायचं. आणि दुधाचा पेला मुलांना, दह्याची वाटी ह्यांना, नि आपल्याला चहात घालण्यापुरतं दूध, अशी वाटणी कित्येक घरांत आजही चालते! मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांतही बी-१२ उतरू शकतं. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं आणि उपचारही सोपा आहे. मात्र उशीर केला तर झालेली हानी पूर्ण भरून येईलच असं नाही. नुसतं ‘रक्त वाढायला’ म्हणून फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतू आतल्या आत बिघडत राहतात. म्हणून मनानेच टॉनिकची बाटली आणू नये.

दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट

दुखणं कुणाला हवं असतं? पण दुखण्याचा निरोपच येईनासा झाला, तर काय होतं ते कुष्ठरोगाने दाखवून दिलं. नॉर्वेच्या हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला तोही १८७३ सालीच. हा जंतू कातडीतल्या आणि हातापायांतल्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. हातापायांची बोटं रोगाने ‘झडतात’ असंच लोक समजत आले. डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला आले. त्यांनी पाहिलं, की एका रुग्ण मुलाने गंजलेलं कुलूप किल्ली पिळून सहज उघडलं; बोट हाडापर्यंत कापलं, रक्त आलं, पण त्याला पत्ताच नाही! बोटं झडत नव्हती. न कळणाऱ्या जखमा, चटके आणि त्यांत शिरलेली घाण यांनी ती हळूहळू नष्ट होत होती.

हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि सहसा सहा महिने ते एक वर्ष घ्यावं लागतं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, ऊन-गार कळत नसेल, तर लाजून लपवू नका. वेळेवर औषध सुरू झालं तर विकृती टळते.

हेच संकट आज मधुमेहाच्या वाटेने घरोघर आलं आहे. वाढलेली साखर मज्जातंतूंना वर्षानुवर्षं पोखरते. आधी तळपायांची आग, मुंग्या, पायांखाली कापूस असल्याचा भास; आणि मग एक दिवस आग थांबते. सासूबाई म्हणतात, ‘बरं वाटतंय हो आता, आग होत नाही.’ ते बरं वाटणं फसवं असू शकतं. पायांतला तारवाला आता निरोपच आणत नसतो. मग चप्पल सुटते आणि कळत नाही, काटा रुततो आणि कळत नाही, शेकायची पिशवी जास्त गरम झाली तरी कळत नाही. आपल्याकडे पाय दुखले की शेक आणि तेल हा हुकमी उपाय. बधिर पायाला तोच शेक भाजून काढतो. अशी एक छोटी जखम चिघळत जाऊन पाय कापायची पाळी येते, आणि ती बहुतेक वेळा टाळता येण्याजोगी असते.

म्हणून घरात कुणालाही मधुमेह असेल तर रोज रात्री दोन मिनिटं काढा. ‘आई, पाय दाखवा बघू’ म्हणायला संकोच कसला? आणि मधुमेह आपल्यालाच असेल, तर स्वतःच्या पायांसाठीही ती दोन मिनिटं काढा. ती कुणी आपल्याला काढून देणार नाही.

हे कापून कपाटाच्या दारावर लावा

- मधुमेह असेल तर तळपाय, बोटांमधल्या बेचक्या रोज पाहाव्यात. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा. अनवाणी चालू नये, घरातही नाही.
- आंघोळीचं पाणी बधिर पायाने अजमावू नये; कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यावं. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये.
- वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. त्यात काही दुखत नाही.
- मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीपासूनच डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत तो काळ सरत आलेला असतो.
- विळीने खोल कापलं आणि पुढे बोट बधिर राहिलं, तर लवकर दाखवावं. हातापायांतला तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मज्जारज्जूतला मात्र असा वाढत नाही.
- एकाएकी तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत, वाट पाहत बसू नये. तोंडात पाणी, गोळी काही घालू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ सांगावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
- मुंग्या, बधिरपणा किंवा आग दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर ‘थकवा असेल’ म्हणून सोडून देऊ नये. साखर, बी-१२ आणि थायरॉइड या तीन तपासण्यांविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावं.

घरातल्या प्रत्येकाची हाक आपण ऐकतो. कुणाला भूक लागली, कुणाचं डोकं दुखतंय, हे न सांगता ओळखतो. आपलंच शरीर बोटाच्या टोकापासून निरोप धाडत असतं. तोही तितक्याच अगत्याने ऐकायला हवा.